खेळणी करणारा इंजिनिअर आणि आपले चौक

आपल्याकडे कुठल्याही शहरात चौकाचं सुशोभीकरण निघालं की तिथे काय येणार हे डोळे मिटून सांगता येतं. फायबरचे दोन जिराफ नाहीतर डॉल्फिन, उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत कोरडं पडणारं कारंजं, आणि हल्ली लाल बदाम घातलेली 'आय लव्ह अमुकतमुक' अशी अक्षरं, ज्यातलं एखादं तरी रात्री पेटत नाहीच. हे नसेल तर पुतळा. पुतळ्यांवर माझा अजिबात राग नाही, ज्यांना हजारो वर्षं कुणी मान दिला नाही त्यांच्या माणसाचा पुतळा चौकात उभा राहतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो हे समजायला कलासमीक्षक असायला लागत नाही. पण उघड्यावर ठेवलेली कला म्हणजे एकतर हात जोडायची वस्तू नाहीतर सेल्फीच्या मागची सजावट, यापलीकडे तिसरं काही असू शकतं हे आपल्या डोक्यातच येत नाही. कुणीतरी गंमत म्हणून काहीतरी करून बघितलंय, ते जरा विचित्र दिसतंय, पोरं त्याच्याकडे बघून हसतायत आणि मोठी माणसं 'हे काय आता?' म्हणतायत, असं काही. माझं म्हणणं आहे की ते असायला पाहिजे, आणि तेही आपल्या टॅक्सच्या पैशातून.

आता यावर 'आधी खड्डे बुजवा' हे येणार, मला माहितीये. त्याच्याकडे येतोच, पण त्याआधी एका माणसाबद्दल सांगतो, कारण त्याच्याशिवाय माझा मुद्दा नीट बसणार नाही.

अलेक्झांडर काल्डर, शिल्पकार. जन्म १८९८, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात. आजोबा शिल्पकार, वडील शिल्पकार. आजोबांनी फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलच्या मनोऱ्यावर विल्यम पेनचा ३७ फुटी ब्राँझचा पुतळा केला, वडिलांनी त्याच शहरात मोठं कारंजं केलं. म्हणजे घराणंच पुतळ्यांचं. आणि हा पोरगा अकराव्या वर्षी आईबापांना नाताळला काय देतो, तर पितळी पत्रा कापून वाकवून केलेला एक कुत्रा आणि एक बदक, आणि बदकाला टिचकी मारली की ते डुलतं. पुढे याने मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, १९१९ साली डिग्री घेतली, कुठे कुठे नोकऱ्या केल्या, जहाजाच्या बॉयलर रूममध्येसुद्धा काम केलं, मग मात्र न्यूयॉर्कला जाऊन चित्रकला शिकायला बसला. तिथे एका साप्ताहिकासाठी रेखाटनं करायचं काम मिळालं आणि १९२५ मध्ये त्यांनी याला सर्कसची चित्रं काढायला पाठवलं. झालं, तिथे जो अडकला तो अडकलाच.

पॅरिसला गेल्यावर १९२६ पासून याने स्वतःची सर्कस करायला घेतली. तार, बुचं, कापडाचे तुकडे, लाकडाचे ठोकळे, दोऱ्या, असल्या सामानातून सिंह, घोडे, कसरतवाले, तलवार गिळणारा, विदूषक. सगळी चालती. हा धिप्पाड माणूस जमिनीवर गुडघे टेकून बसायचा, एकेक पात्र हाताने चालवायचा, तोंडाने आवाज काढायचा, बाजूला ग्रामोफोन वाजत असायचा आणि समोर बसलेले पाहुणे शेंगदाणे खात असायचे. पाहुणे कोण, तर मिरो, मोंद्रियान, द्युशां, लेजे, म्हणजे त्या काळातली चित्रकलेची अख्खी वरची फळी. झोक्यावरून सुटलेला कसरतवाला समोरच्या हातात पकडला जाईल की खाली पडेल हे चालवणाऱ्यालाही नक्की माहीत नसायचं आणि मजा तीच होती. सर्कस सुटकेसमध्ये भरून हा कुठेही घेऊन जायचा, सुरुवातीला दोन सुटकेस होत्या, त्या वाढत वाढत पाच झाल्या. आज ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये आहे.

याच वेळी त्याने तारेची शिल्पं करायला घेतली आणि इथे चित्र आणि शिल्प यांच्यामधली भिंतच त्याने काढून टाकली असं मला वाटतं. कागदावर तो एकच रेघ न उचलता प्राणी काढायचा, न्यूयॉर्कच्या प्राणीसंग्रहालयात बसून शेकड्याने काढले होते. ती रेघ त्याने कागदावरून उचलून हवेत नेली, बस. पेन्सिलीऐवजी पक्कड. जोसेफिन बेकर या नर्तकीचं शिल्प बघा, पोटाच्या जागी तारेची गुंडाळी आहे, टांगलं की आपोआप हलतं. १९२८ मध्ये रोमच्या दंतकथेतली, दोन बाळांना दूध पाजणारी लांडगीण तारेत केली, दहाएक फूट लांब, आणि तिच्या आचळांच्या जागी दाराला अडकण लावायचे लाकडी गट्टू. रोमच्या स्थापनेची कथा म्हणजे केवढी भारदस्त गोष्ट, आणि याने तिला हार्डवेअरच्या दुकानातून सामान आणलं. आपल्याकडे कुणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी निवेदन द्यायला माणसं कलेक्टर ऑफिसला उभी राहतील, पण ते जाऊदे.

१९३० मध्ये तो मोंद्रियानच्या स्टुडिओत गेला. भिंतीवर रंगीत चौकोन लावलेले. काल्डर म्हणाला की हे सगळे हलले तर किती मजा येईल. मोंद्रियान म्हणाला गरज नाही, माझी चित्रं आधीच खूप वेगात आहेत. काल्डर घरी आला, आधी थोडे दिवस नुसती अमूर्त चित्रं काढून बघितली, मग हलणारे चौकोन, गोळे, चकत्या करायला लागला, आधी मोटर लावून, हाताने फिरवून, मग नुसते टांगून, वाऱ्यावर. द्युशांनी त्याला 'मोबाईल' म्हटलं (फोनचा काही संबंध नाही, साल १९३१ आहे). आज पाळण्यावर बाळासाठी जे फिरतं भिरभिरं टांगतात त्याचं या मोबाईलशी जवळचं नातं आहे.

हे मोबाईल दिसायला पोरखेळ वाटतात म्हणून एकदा घरी करून बघा. बाइंडिंग वायर फार मऊ पडते, जरा जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार घ्या, एक पक्कड, आणि जुन्या फाईलच्या पुठ्ठ्याची पानं कापून घ्या. वरून सुरुवात केलीत तर फसलात. सुरुवात खालून करायची, सगळ्यात शेवटच्या, सगळ्यात छोट्या तुकड्यापासून. एका तारेच्या दोन टोकांना दोन पानं लावायची, बोटावर ठेवून तोल कुठे जमतो ते बघायचं, तिथे तारेला एक वेढा मारून कडी करायची. आता ही पूर्ण जोडी म्हणजे पुढच्या तारेचं एक टोक. दुसऱ्या टोकाला एक मोठं पान. परत तोल, परत कडी. कावडीचंच गणित आहे, जड घागर खांद्याच्या जवळ आणि हलकी लांब. पण कावडीला दोनच टोकं असतात, इथे प्रत्येक टोकाला आणखी एक कावड लटकते, त्यामुळे खालचं एक पान जरा कातरलं की वरपर्यंत सगळं बिघडतं आणि परत पक्कड घेऊन बसा. वर गेल्यावर प्रत्येक फांदीला तिच्या मर्जीने फिरायला जागा पाहिजे, एकमेकींवर आपटायला नको. इंजिनिअरिंगची डिग्री वाया गेली असं त्याच्या बाबतीत कुणीच म्हणू शकत नाही. खेळ म्हणजे मनाला येईल ते, कसंही, हा आपला एक मोठा गैरसमज आहे. लहान पोरांना विचारा, लगोरीचेसुद्धा नियम किती कडक असतात.

आणि खेळकर म्हणजे गंभीर विषयाशी देणंघेणं नाही, असंही नाही. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारच्या दालनात पिकासोचं 'गेर्निका' हे युद्धाच्या संहारावरचं चित्र होतं, आणि त्याच्या समोरच काल्डरचं कारंजं होतं, पाण्याचं नाही, पाऱ्याचं. पारा स्पेनमधल्या अल्मादेनच्या खाणीतला. यादवी युद्धात फ्रँकोच्या फौजांची नजर त्या खाणींवर होती. चकचकीत पारा पत्र्यांवरून घरंगळत जातोय आणि वर एक लाल चकती डुलतेय, खेळणंच ते, पण त्या जागी त्याचा अर्थ काय आहे हे बघणाऱ्याला बरोबर कळत होतं. आज ते बार्सिलोनात काचेआड आहे, कारण पाऱ्याची वाफ विषारी.

आता सरकारी पैशाकडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे.

ग्रँड रॅपिड्स हे अमेरिकेतलं मिशिगनमधलं मध्यम आकाराचं शहर, फर्निचरच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं, आपल्याकडच्या एखाद्या इचलकरंजीसारखं धंद्याचं गाव समजा. तिथे जुना भाग पाडून नवीन सरकारी इमारती आणि मोठा चौक केला होता, भकास. त्या चौकासाठी केंद्र सरकारच्या कला निधीतून ४५ हजार डॉलर मिळाले, बाकी पैसे लोकांनी घातले, आणि १९६९ मध्ये तिथे काल्डरचं ४३ फूट उंच, ४२ टनांचं लालभडक लोखंडी काहीतरी उभं राहिलं. 'काहीतरी' असंच म्हणतो, कारण ते कशासारखंही नाही. सार्वजनिक जागेतल्या कलेसाठी त्या केंद्रीय योजनेतून झालेलं हे पहिलं काम. विरोध झाला, व्हायचाच होता, एवढा पैसा या वाकड्या पत्र्यावर? तिथले खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनीसुद्धा नंतर सांगितलं की काल्डर म्हणजे काय हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आणि मग काय झालं, तर पुढच्याच वर्षी त्या शिल्पाभोवती कलामहोत्सव सुरू झाला जो दरवर्षीचा झाला, आणि शहराने आपल्या लोगोतच ते शिल्प घेतलं. तिथल्या कचऱ्याच्या गाड्यांवरसुद्धा काल्डरचं चित्र असतं. कलेला लोकाश्रय मिळाला वगैरे आपण भाषणात म्हणतो, माझ्या मते तो शब्द कचऱ्याच्या गाडीवर जाऊन पोचला की खरा.

पण सरकारने हात लावला की नेहमी असंच होतं असं नाही, त्याचं दुसरं टोकही याच माणसाच्या बाबतीत आहे आणि ते सांगितलं नाही तर मी लबाडी केली असं होईल. पिट्सबर्गमध्ये त्याचा एक मोठा मोबाईल एका संग्राहकाने विकत घेऊन तिथल्या काउंटीला, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा प्रशासनासारख्या कारभाराला, भेट दिला, तो विमानतळावर लावला. मूळचा काळा-पांढरा. काउंटीच्या साहेबांनी तो हिरवा आणि सोनेरी रंगवून टाकला, का, तर ते काउंटीचे अधिकृत रंग. हलतो म्हणून धोका नको, तर त्याचे भाग जखडून टाकले. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे हा हलायला पाहिजे, तर मोटर बसवली. काल्डरने तक्रार केली, उपयोग झाला नाही, तो गेल्यानंतर कुठे ते शिल्प पूर्वीसारखं झालं. वाचताना मला आधी हसू आलं आणि मग वाटलं की अमेरिकेतली काउंटी काय आणि आपली नगरपालिका काय, डिपार्टमेंट शेवटी डिपार्टमेंट. म्हणून माझा आग्रह नुसता 'पैसे द्या' असा नाहीये. पैसे द्या आणि नंतर रंगाचा डबा घेऊन येऊ नका, असा आहे.

ग्रँड रॅपिड्सचं काम कसं झालं त्यातही शिकण्यासारखं आहे. काल्डर आधी पत्रा कापून हातात मावेल एवढा नमुना करायचा, तोच खेळ, कात्री आणि पत्रा. मग फ्रान्समध्ये तूर इथल्या लोखंडी कामाच्या कारखान्यात तो मोठा करायचा, तिथले इंजिनिअर आणि फिटर वारा, वजन याचा हिशोब करून कुठे आधाराच्या पट्ट्या लागतील, कुठे बोल्ट येतील ते ठरवायचे. त्याने त्या पट्ट्या आणि बोल्ट लपवले नाहीत, उलट ते दिसू दिले. मग तुकडे जहाजाने पाठवून जागेवर जोडायचे. आणि आपल्याकडे? मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, नऊ महिनेसुद्धा नाही. महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या श्रद्धेचा विषय, त्याहून गंभीर काम असूच शकत नाही, आणि हे. हे लिहितानासुद्धा त्रास होतो. पण त्यातून एवढं तरी कळावं की विषय गंभीर असला म्हणून काम गंभीरपणे होतं असं अजिबात नाही, आणि विषय गमतीचा असला म्हणून काम हलगर्जी होतं असंही नाही. काम गंभीरपणे होतं ते करणाऱ्याला वेळ दिला, चुकू दिलं, लहान नमुन्यावर हजारदा मोडू दिलं, की.

काल्डर भारतात येऊन गेलाय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९५५ च्या सुरुवातीला अहमदाबादच्या उद्योगपती घराण्यातल्या गीरा साराभाईंनी त्याला बोलावलं, तो बायकोबरोबर आला, साराभाईंच्या बागेत बसून त्याने ११ कामं केली आणि त्याच्या बदल्यात त्यांनी त्याला भारत फिरवला. किती छान सौदा. पण ती बाग खासगी होती, आणि इथे आपली गोची आहे. आपल्याकडे प्रयोगाला आश्रय मिळाला तो श्रीमंत माणसाच्या कंपाउंडमध्ये. रस्त्यावरच्या माणसाच्या वाट्याला फायबरचा जिराफ.

मुंबईत प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पिलू पोचखानवाला, १९२३ ते १९८६, भंगार लोखंड, यंत्रांचे सुटे भाग वेल्डिंग करून शिल्पं करणारी बाई, त्या काळात. फोर्टमधला कावसजी जहांगीर हॉल आज राष्ट्रीय आधुनिक कलादालन आहे त्यामागे या बाईंचा बराच पाठपुरावा होता. त्यांचं एक मोठं शिल्प हाजीअलीच्या चौकात होतं. ते काढून टाकलं गेलं. त्यासाठी मोर्चा निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. एखाद्या नेत्याच्या नावाची पाटी हलवली असती तर शहर बंद झालं असतं. त्यामानाने काळ्या घोड्याचं नशीब बरं. एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये हटवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, आणि २०१७ मध्ये त्या परिसरात परत घोडा आणून बसवला, पण पाठीवर स्वार नसलेला. मला तो घोडा आवडतो. बघणाऱ्याला स्वार आपापल्या मनाने बसवता येतो, किंवा घोड्याला एकटंच राहू देता येतं. मागे कितीही मोठी योजना असेना, चौकात उभा राहून बघितलं की ती गंमतच आहे.

भंगारावरून आठवलं, दिल्लीत २०१९ मध्ये भंगारापासून एक पार्क केला, खूप गाजला, मुलं खूश असतात. १५० टन भंगार. काय केलं त्याचं? ताजमहाल, आयफेल टॉवर, पिरॅमिड, म्हणजे जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती. करणाऱ्यांच्या हातात कसब आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण पिकासोने १९४२ मध्ये सायकलची एक सीट आणि एक हँडल घेतलं, सीट उभी धरली, वर हँडल लावलं, बैलाचं डोकं. दोन वस्तू. आणि बघताना एकाच वेळी सायकलही दिसते आणि बैलही दिसतो, हीच तर जादू. दिल्लीत दीडशे टनांतून जे दिसतं ते आधीच ठरलेलं होतं, भंगार फक्त विटांसारखं वापरलं. भंगाराला स्वतःचं काही म्हणायचं असेल तर ते ऐकलं नाही कुणी.

असं का होतं? टेंडरमुळे. टेंडरमध्ये लिहायला लागतं की काय पुरवणार, किती फूट, किती वजन, कशासारखं दिसणार, सोबत थ्रीडी फोटो जोडावा. 'ताजमहाल, उंची अमुक फूट' हे लिहिता येतं, ऑडिटला दाखवता येतं. 'एक माणूस सहा महिने तारेशी खेळेल, मग बघू' हे कुठल्या रकान्यात लिहायचं? म्हणजे निकाल आधी माहीत असलेल्या गोष्टीलाच पैसा मिळणार आणि प्रयोगाची व्याख्याच अशी की निकाल आधी माहीत नसतो. चंदीगडचं रॉक गार्डन याचं सगळ्यात भारी उदाहरण. नेकचंद हा बांधकाम खात्यातला रोड इन्स्पेक्टर, वास्तुकार ल कॉर्बुझिएने आखलेल्या काटेकोर शहरात, सरकारी जंगलाच्या जागेत, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून गुपचूप फुटक्या बांगड्या, फुटक्या कपबश्या, दगड गोळा करून बाहुल्या, प्राणी, दरबार उभे करत होता, सगळं बेकायदा. १९७० च्या दशकाच्या मध्यावर सापडला तेव्हा खरं म्हणजे पाडायलाच पाहिजे होतं नियमाने. लोकांनी बघितलं, वाचवलं, आणि १९७६ मध्ये प्रशासनाने ते लोकांसाठी उघडलं, त्यालाच तिथे नेमलं. आज चंदीगडला जाणारा प्रत्येक माणूस ते बघून येतो. म्हणजे देशात एवढं बघितलं जाणारं खेळकर शिल्पकाम झालं ते सरकारी जागेत, सरकारी नोकराकडून, पण सरकारच्या चोरून. हा सिस्टिमचा विजय आहे की पराभव, तुम्हीच ठरवा.

काही जण म्हणतील हे सगळं परदेशी, श्रीमंतांचं फॅड, आपली लोकांची आवड वेगळी. साफ चूक. दिवाळीचा किल्ला काय आहे मग? विटा, दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं पसरायचं, हाताने थापून कडे काढायचे, मोहरी नाहीतर अळीव पेरायचे म्हणजे पाडव्यापर्यंत गवत उगवतं, डबा पुरून तळं, पाइपच्या तुकड्याचा भुयारी मार्ग. मावळा दरवाज्यापेक्षा उंच, शेजारी प्लास्टिकचा डायनासोर आणि एक ट्रॅक्टर, कुणाला काही वावगं वाटत नाही. हे महाराष्ट्रातल्या गल्लीगल्लीत होतं आणि ते शिल्पच आहे, दुसरं काय. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत नावाच्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, १८८० च्या दशकापासूनची परंपरा, तिच्याबरोबर बडगे असतात, त्या वर्षी लोक ज्याला वैतागलेत त्याचे पुतळे, महागाई, पेट्रोल, भ्रष्टाचार, कुठला तरी पुढारी. कागद, बांबू, रंग, आणि तिखट विनोद. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यातली पोरं नरकासुर उभा करतात आणि पहाटे जाळतात, अनेक दिवसांची मेहनत आणि राख. म्हणजे खेळकर शिल्प आपल्या रक्तात आहे. फक्त आपण त्याला 'कला' म्हणत नाही, आणि ज्याला कला म्हणतो त्यातून खेळ हाकलून दिलाय.

आणि जिथे उरलाय तिथेही आता नियम शिरलेत. किल्ल्यांच्या स्पर्धा होतात, बक्षीस कुणाला, तर अमुक गडाची हुबेहूब प्रतिकृती, मोजमापासकट, बुरुजांना पाट्या, बाजूला माहिती सांगायला तयार उभी केलेली मुलगी. इतिहास कळतो, चांगलंच आहे. पण डायनासोर गेला. शिवाय बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो, आणला आणि ठेवला, हातसुद्धा मळत नाहीत.

शाळेतल्या ड्रॉइंगचं तर विचारूच नका. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांवर माझा तसा राग नाही, त्यांनी महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या खेड्यापाड्यातल्या मुलांच्या हातात ब्रश दिला, दुसऱ्या किती राज्यांत असं काही आहे? स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, पाया चांगला आहे. पण इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला जादा मार्क मिळायला लागले आणि क्लासवाल्यांनी स्मरणचित्रसुद्धा पाठ करून घ्यायला सुरुवात केली. बाजाराचं दृश्य आलं तर पुढे भाजीवाली डावीकडे, मागे छत्री, उजवीकडे पाठमोरा माणूस. स्मरणचित्र खरंच स्मरणाचं झालं, क्लासमधल्या फळ्याच्या स्मरणाचं. त्या मुलाला तारेचा तुकडा आणि पक्कड दिली तर तो पहिला प्रश्न विचारेल, सर याचं काय करायचं आहे? आणि 'काहीही कर' या उत्तराने तो घाबरेल. चौकात जिराफ बसवणारा अधिकारी असाच कुठल्यातरी वर्गातून आलेला असतो, त्याला एकट्याला कशाला दोष द्या.

मग खड्डे. मान्य, आधी खड्डे. पण सुशोभीकरणाचा पैसा आत्ताही खर्च होतोच आहे ना, तो काही खड्ड्यांकडे वळत नाहीये. मी नवीन पैसा मागतच नाहीये. मी म्हणतोय की त्या जिराफांच्या पैशातला एक भाग बाजूला काढा, आणि त्यात चार गोष्टी करून बघा. एक, कायमचं काही करू नका, वर्षभरासाठी करा, आवडलं नाही तर काढा, म्हणजे भांडणही वर्षभराचंच राहील. खर्च कमी, जोखीम कमी. दोन, शिल्पकाराला वस्तूचे नाही, कामाच्या महिन्यांचे पैसे द्या, आणि कारखान्यात वेल्डर-फिटरबरोबर काम करायला द्या. महाराष्ट्रात पिंपरी, बुटीबोरी, सातपूर, गोकुळ शिरगाव इथे लोखंडात वाट्टेल ते करणारे हात आहेत, त्यांना आयुष्यात एकदा तरी कशासारखंही नसलेलं काहीतरी करू दे. तीन, हात लावू नये ही पाटी लावायची नाही. काल्डरची १९३३ च्या आसपासची एक गंमत आहे, टांगलेले दोन गोळे, आणि खाली बाटल्या, एक डबा, एक घंटा, बघणाऱ्याने ती सामग्री पाहिजे तशी मांडायची आणि गोळा ढकलून कशावर आपटतो ते ऐकायचं. आज तो प्रकार संग्रहालयात असल्यामुळे तुम्ही ढकललंत तर गार्ड धावत येईल. म्हणून बागेत ठेवायच्या गोष्टी बागेतल्या झोपाळ्याच्या हिशोबानेच करा, कोपरे गोल, जोड पक्के, पोरं चढली तरी तुटणार नाहीत अशा.

चोरी होईल, तोडफोड होईल, हा आक्षेप खरा आहे. आपल्याकडे मॅनहोलची झाकणं राहत नाहीत तिथे तांब्यापितळेचं शिल्प राहील कसं. तर मग तांबंपितळ वापरू नका, भंगारात भाव नसलेल्या गोष्टी वापरा, सिमेंट, फरशीचे तुकडे, जुने टायर. नेकचंदने तेच केलं.

चौथी गोष्ट निवड कुणी करायची. तज्ज्ञ समिती म्हणा, त्यात दोन कलाकार, एक इंजिनिअर, आणि माझा हट्ट आहे की दोन जण सहावी-सातवीतले पाहिजेत, मताच्या पूर्ण अधिकारासकट. नगरसेवक असायला हरकत नाही, पण रंग कोणता हे ठरवायचा अधिकार त्यांच्याकडे नको, कारण मग काय होतं ते पिट्सबर्गने दाखवलंय, आणि आपल्याकडे तर रंगांवरून काय काय होऊ शकतं हे मी सांगायला नको.